खळ घातलेली सहा फडकी

आमच्या घरात भांडी कोणी पुसत नसे. घासलेली भांडी मागच्या ओट्यावर टोपलीत पालथी घालायची, नाशिकचं ऊन ती वाळवायचं, आणि पाहुणा आलाच तर आई पेला पदरानं पुसून पुढे करायची. त्यामुळे 'भांडी पुसायला विणलेलं फडकं' असं काही जगात असतं, आणि ते सुयांवर एकेक टाका घालून करायचं असतं, हे ऐकल्यावर आईला हसू आवरेना. ताई घरी आल्यापासून आई पहिल्यांदा हसली होती, म्हणून ते हसू माझ्या लक्षात राहिलं. नाहीतर त्या उन्हाळ्यात हसण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं. एकोणीसशे त्र्याहत्तर संपून चौऱ्याहत्तर लागलं होतं की आणखी एक वर्ष पुढे, हे आज मला सांगता येणार नाही. पण मी नववीची परीक्षा दिली होती, सुट्टी लागली होती आणि माझी बोटं अजून कशालाच सरावलेली नव्हती, एवढं नक्की.

आम्ही नाशिकरोडला दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. सकाळी भोंगा व्हायचा, संध्याकाळी भोंगा व्हायचा, मधे रेल्वेच्या डब्यांची खडखड, आणि या आवाजांवर आमच्या घराची कणीक मळली जायची नि भाकऱ्या थापल्या जायच्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, एका सरकारी कचेरीत कारकून. पगार बेताचा, पण पांढरा सदरा आणि पांढरं धोतर असं कडक की अण्णा बसले की कापडाचा आवाज व्हायचा. ती सगळी आईची करामत. दर रविवारी ती साबुदाण्याची खळ शिजवायची, नीळ घालायची, आणि शेजारणी येऊन विचारायच्या, 'वहिनी, एवढं कडक कसं हो राहतं तुमच्याकडे?' आई सांगायची नाही. आईला दागिन्यांची हौस नव्हती, खळीची होती.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण कुसुम. तिला सटाण्याच्या बाजूला दिलं होतं. कांद्याची चाळ, बैलजोडी, दारात विहीर, असं बघून दिलं होतं. तिकडे अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात आणि आखाजीला लेकी माहेरी येतात, तशी ती आली. उजवा हात मनगटापासून फडक्यात बांधलेला. 'पायरीवरून पडले,' म्हणाली. गावातल्या हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून बांधला होता तो, आणि सोडला तेव्हा मनगट एका बाजूला कललेलं आणि तीन बोटं वाकायलाच तयार नाहीत. दवाखान्यातल्या डॉक्टरनं हात इकडून तिकडून पाहिला आणि म्हणाला, आता हाड असंच बसलंय. याच हातानं ताईनं शाळेत असताना बाळंतविड्याच्या टोप्या, मोजे, स्वेटर विणले होते; शाळेच्या प्रदर्शनात तिचं विणकाम कायम पहिल्या टेबलावर असायचं.

चार दिवसांनी ताई आईला म्हणाली, 'मी परत जाणार नाही.' एवढंच. का, ते सांगेना. अण्णांनी समोर बसवून विचारलं, 'त्रास काय आहे ते तरी सांगशील?' ताई फरशीकडे बघत राहिली. अण्णा वाट बघून उठले आणि सदऱ्याची बटणं लावता लावता म्हणाले, 'सासरी थोडंफार चालायचंच. तू इथं बसलीस तर लोक काय म्हणतील? मंदाचं अजून व्हायचंय.' मंदा म्हणजे मी. मी तिथंच दारात उभी होते. माझं लग्न व्हायचं आहे म्हणून ताईनं परत जायचं, हे मला चौदाव्या वर्षी असं उभ्या उभ्या कळलं. मला माझीच शिसारी आली. दोनच दिवसांनी सासरचं कार्ड आलं: वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी घ्यायला येतो, सून सणाला घरी हवी. सात जन्म हाच नवरा मिळावा म्हणून वडाला दोरा गुंडाळायला तिची तिथं गरज होती.

आणि त्यातच ताईच्या शाळेतल्या विणकामाच्या बाई मला रस्त्यात भेटल्या. देवळाली कॅम्पात बायकांची एक संस्था होती. तिथल्या लष्करी बंगल्यांना, मेसना लागणारी विणलेली फडकी तिथं व्हायची, आणि मुलींना शिकवायला बाई हवी होती. मागच्या बाजूला राहायला खोली. अट एकच, स्वतःच्या हातची सहा सुती फडकी नमुन्याला घेऊन भेटायला यायचं. बाईंना ताईच्या मोडलेल्या हाताचं ठाऊक नव्हतं. त्यांना तिचं प्रदर्शनातलं टेबल आठवत होतं. अण्णांनी हे ऐकलं आणि म्हणाले, 'नोकरी असेल तर गोष्ट वेगळी. लोकांना सांगता येतं.' आम्हाला तेवढी फट पुरे होती.

'मंदे, तू विणायचंस,' ताई मला म्हणाली. मी म्हटलं, मला तर सुई कशी धरायची ते माहीत नाही. ती म्हणाली, 'मला आहे ना. तोंड माझं, हात तुझे.' आणि एकदा आत गेल्यावर पुढे काय, या माझ्या प्रश्नावर, 'शिकवायला तोंडच लागतं. आधी आत तर जाऊ दे,' असं म्हणून तिनं सुताची लडी माझ्या दोन्ही हातांत अडकवली आणि डाव्या हातानं गुंडा करायला घेतला. विणतेय मी हे अण्णांना सांगायचं नाही, ताईच हळूहळू विणते असं भासवायचं, असं तिघींत ठरलं. सकाळचा भोंगा झाला, अण्णा सायकलवर बसून गेले, की आम्ही बसायचं. संध्याकाळी ते यायच्या आत सगळं ट्रंकेत.

ज्यानं लोकर घेऊन विणकाम केलंय त्याला सुताचा छळ कळायचा नाही. लोकर ताणली जाते, माणसाला सांभाळून घेते. सुती दोरा तसूभरही हलत नाही. चाळीस टाके घालायचे, नुसते सुलट विणायचे, ओळ संपली की सुई फिरवायची, पुन्हा सुलट. याहून सोपं काही नसतं म्हणे. 'सुई आत घाल. दोरा वरून आण. आता बाहेर ओढ. जुना टाका सोड. सोड गं, त्याला काय मिठी मारून बसलीस?' ताई शेजारी बसून म्हणायची. मी टाके इतके घट्ट घालायचे की सुई आतच शिरायची नाही, आणि शिरली की कुईं करून ओरडायची. घामानं बोटं चिकट, दोरा करकरीत, मानेवरून घाम पाठीत चाललेला. बाहेर आई कुरडयांचा चीक शिजवतेय, त्याचा आंबूस वास घरभर, आणि मी टाके मोजतेय तर चाळीसाचे सत्तेचाळीस झालेले. कुठून येतात हे सात? माझ्या हातात होतं ते खाली अरुंद नि वर रुंद असं काहीतरी, उलट्या परकराचा घेर असावा तसं. ताईनं ते बघितलं, सुई ओढून काढली आणि सगळं उसवलं.

असं तिनं पहिलं फडकं तीन वेळा उसवलं. तिसऱ्या वेळी मी रडायला लागले तर तिनं डाव्या हातानं माझ्या पाठीत धपाटा घातला. जोरात घातला. मग स्वतःच घाबरली आणि माझं डोकं कुशीत धरून म्हणाली, 'माझ्याकडे दिवस नाहीत गं मंदे.' मला तो धपाटा लागला नाही, ते वाक्य लागलं. ओळीच्या शेवटी सुई फिरवताना दोरा पुढून सुईवर चढतो आणि एकाचे दोन टाके दिसतात, एवढीशी माझी चूक होती; ती सापडायला आमचे नऊ दिवस गेले. ती माझ्या हातातून सुई घेऊन 'असं' म्हणून दाखवू शकली असती तर नऊ मिनिटांत काम झालं असतं. कित्येकदा तिचा उजवा हात आपोआप सुईकडे यायचा आणि हवेत थांबायचा. मग ती तो मांडीखाली दाबून ठेवायची.

दुसरं फडकं पाच दिवसांत झालं. तिसरं चारांत. त्यात एक टाका मधेच सुटून भोक पडलं, ते ताई म्हणाली, राहू दे, घडी घालताना आत घेऊ. चौथं चालू असताना एका दुपारी आई दळणाला गेली होती. मी न थांबता चार-पाच ओळी नीट विणल्या होत्या आणि कौतुकाची वाट बघत होते. ताई तिसरीकडेच बघत होती. मग टाके सांगायच्याच आवाजात ती म्हणाली, 'मी पडले नव्हते. मी इकडे पत्र लिहीत होते ते त्यांनी बघितलं. दाराच्या चौकटीत माझा हात धरला आणि दार लोटलं. लिहिणारा हात म्हणून उजवा.' माझ्या सुया थांबल्या. ती म्हणाली, 'वीण तू.' मी विणायला लागले, पण मला टाके दिसत नव्हते. अण्णांना सांगू या, मी म्हटलं. तशी ती माझ्यावर इतकी उसळली की मी दचकले. 'खबरदार! शपथ घे माझी. अण्णांना कळलं आणि तरी त्यांनी मला पाठवलं, तर मग मी कुणाच्या तोंडाकडे बघू? आत्ता मला म्हणता तरी येतं, की त्यांना ठाऊक नाही.'

मी शपथ घेतली. आता या वयात मला त्या शपथेचा राग येतो, आणि ताईचं म्हणणं तरीही जसंच्या तसं पटतं. त्याला काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

सहावं फडकं भेटीच्या दोन दिवस आधी सुईवरून उतरलं. पांढऱ्या सुताची ती सहा फडकी माझ्या घामानं करडी झाली होती. पहिलं तर अगदी पायपुसण्याच्या रंगाचं. ताई त्यांच्याकडे बघून खचली. आई म्हणाली, 'दे इकडे. हे माझं काम आहे.' आणि खरंच तिनं ते आपलं केलं. सोडा घालून उकळली, उन्हात टाकली, नीळ दिली, आणि मग अण्णांच्या सदऱ्याला करते त्याहून दाट खळ करून सहाही फडकी तीत बुडवून, चारी कोपरे ओढून वाळवली आणि शेजारून कोळशाची इस्त्री मागून आणून त्यांच्यावर अशी फिरवली की वाकडी कड सरळ झाली, भोक मिटलं, घट्ट-सैल टाके एकासारखे एक दिसायला लागले. ती चळत तिनं आमच्या पुढ्यात ठेवली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. ताईच्याही चेहऱ्यावर रंग आला. फडकं हातात उभं धरलं तर उभंच राहत होतं. आमच्या तिघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही की याचं पुढे काय करायचं असतं. कसं येणार? आमच्याकडे कापड म्हटलं की त्याला खळ, हा घरचा धर्म होता, आणि भांडी तर उन्हात वाळत होती.

कॅम्पात आम्ही बसनं गेलो. अण्णा, ताई आणि मी. मला नेलं ते ताईनं हट्टानं, सोबत म्हणून. कॅम्पातले रस्ते रुंद, झाडं मोठी, आणि कुणी कुणाशी मोठ्यानं बोलत नव्हतं. संस्थेच्या बाई पन्नाशीच्या, केस आखूड, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि फडक्यांची चळत पुढे ओढली. 'वा, किती स्वच्छ,' म्हणाल्या. अण्णांनी नकळत सदरा सारखा केला. मग बाईंनी स्वतःच्या पेल्यातलं पाणी टेबलावर ओतलं, अगदी सहज, त्या रोज करत असाव्यात तसं, आणि सगळ्यात वरचं फडकं त्यावर ठेवलं.

पाणी फडक्याखालून सरकत निघालं. बाईंनी फडकं दाबलं, पाणी दुसऱ्या बाजूनं निघालं. ते टेबलाच्या कडेला आलं आणि अण्णांच्या धोतरावर थेंब थेंब पडायला लागलं. अण्णा हललेसुद्धा नाहीत. बाईंनी फडकं नाकाशी नेलं. 'खळ घातलीय याला?' त्यांनी विचारलं आणि त्यांना हसू आलं. वाईट हसू नव्हतं ते. 'अहो, खळ घातल्यावर हे पाणी पिणार कसं? असू दे. धुतली की जाईल.' मग त्यांनी चष्मा लावून ओल्या फडक्याची कड बोटानं चाचपली, दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. 'पण हा हात शिकाऊ आहे,' त्या ताईला म्हणाल्या. 'हे तुमचं काम नव्हे. तुमच्या शाळेतल्या बाईंनी मला वेगळंच सांगितलं होतं.' त्यांनी खणातून सुया काढल्या, सुईवर आधीच टाके घातलेले होते. 'दोन ओळी दाखवा विणून. बास, दोनच.'

ताईनं सुया घेतल्या. डावी नीट धरली. उजवी बोटांत बसेना. तिनं अंगठ्यानं दाबून धरली, टाक्यात घातली, दोरा वरून आणायला गेली आणि सुई निसटून फरशीवर पडली. मी उचलून दिली. पुन्हा पडली. तिसऱ्या वेळी तिनं ती दातात धरून हातात बसवायचा प्रयत्न केला, आणि ते मला बघवेना. माझी मोठी बहीण, पहिल्या टेबलावरची. बाईंनी हळूच सुया काढून घेतल्या. 'हाताला काय झालं?' ताई म्हणाली, 'पडले.' अण्णा म्हणाले, 'पायरीवरून पडली ती.'

आणि मी बोलले. 'नाही पडली. भाऊजींनी दारात हात धरला आणि दार लोटलं. पत्र लिहीत होती म्हणून.' माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ताईनं माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात मला जे दिसलं ते मी इथं लिहीत नाही. अण्णा समोरच्या भिंतीकडे बघत होते. बाईंनी ओल्या फडक्याची घडी घातली. मग सहा फडकी एकावर एक ठेवून त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि अण्णांना म्हणाल्या, 'मला विणणारी बाई हवी हो. या हातावर मी जागा कशी देऊ? तुम्हीच सांगा.' अण्णा म्हणाले, 'बरोबर आहे.' आणि उठले. त्यांच्या धोतराची खळ ओल्या जागी विरघळून कापड मांडीला चिकटलं होतं.

परतीच्या बसमध्ये ती सहा फडकी माझ्या मांडीवर होती. मी सगळं मातीत घातलं होतं. नोकरी गेली होती, आणि वर ताईनं स्वतःसाठी राखून ठेवलेली ती एकच गोष्ट, की अण्णांना ठाऊक नाही, तीही मी घालवली होती. भाऊजी यायला चार दिवस होते. त्या चार दिवसांत अण्णांनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. भोंग्याला जायचे, भोंग्याला यायचे, जेवायचे, हात धुवायचे. ताईनं ट्रंक भरली. आईनं कुरडया, पापड, शेवया डब्यांत भरून वर बांधल्या, रडत रडत बांधल्या. ताई माझ्याशी बोलत नव्हती. मी देवाला म्हणत होते की मला ताप येऊ दे, घराला आग लागू दे, रेल्वे बंद पडू दे, काहीही होऊ दे. काही झालं नाही. भाऊजी ठरल्या दिवशी अकराच्या गाडीनं आले, स्वच्छ टोपी, पेढ्यांचा पुडा.

जावयाचं जेवण जसं व्हायचं तसं झालं. शेवटच्या आंब्यांचा रस काढला. अण्णा भाऊजींच्या शेजारी पाटावर बसले आणि स्वतः त्यांच्या वाटीत दोनदा रस वाढला. 'घ्या, जावईबापू, घ्या.' ताटाभोवती रांगोळी होती. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते आणि माझ्या वडिलांचा मला जेवढा तिरस्कार त्या अर्ध्या तासात वाटला तेवढा जन्मात कुणाचा वाटलेला नाही. हात धुऊन झाले. सुपारी झाली. भाऊजी त्यांच्या बोलीत अण्णांना म्हणाले, 'चाला मग मामा, निंघतो आम्ही. गाडी चुकी जाई.' ताई पदर घेऊन ट्रंकेपाशी उभी राहिली.

अण्णांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, 'हिच्या हाताला काय झालं?'

'पडनी ती मामा,' भाऊजी म्हणाले. 'पाय सरकना तिना.'

'दारात धरला होतात ना?'

भाऊजी हसले. त्यांनी ताईकडे बघितलं आणि म्हणाले, 'बाईना जातले काय, सांगाले काही भी सांगस ती.' बाईच्या जातीचं काय, काहीही सांगते, असं. अण्णांनी अडकित्ता खाली ठेवला. ते उठले, पुढचं दार सताड उघडलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले. 'गाडी पाचची आहे,' ते म्हणाले. 'तुम्ही एकटे निघा.' भाऊजींना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी आवाज चढवला, सण, सून, आबरू, सगळं निघालं. शेजारची दारं उघडली. माणसं ओट्यांवर आली, पोरं गोळा झाली. माझे वडील, लोक काय म्हणतील याला आयुष्यभर घाबरलेला माणूस, त्या सगळ्या लोकांकडे तोंड करून रडक्या, फाटक्या आवाजात म्हणाले, 'यानं माझ्या पोरीचा हात दारात घालून मोडलाय. ऐका सगळे. आणि मी तिला परत धाडायला निघालो होतो.'

भाऊजी गेले. पेढ्यांचा पुडा घेऊन गेले. लोक अर्धा तास उभे होते, मग तेही गेले. अण्णा ओट्यावरच बसून राहिले. आईनं चहा नेला, तो तसाच निवला.

ताई स्वयंपाकघरात गेली आणि जेवणावळीची भांडी घासायला बसली, एका हातानं. मी जवळ गेले तर म्हणाली, 'लांब हो. शपथ मोडलीस तू माझी.' त्यानंतर महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. त्या दिवशी ती एकेक पातेलं असं आपटत होती की पलीकडच्या क्वार्टरमध्ये ऐकू जावं. मी रडत बाहेरच्या खोलीत आले आणि आईला म्हटलं, तिला सांग ना गं, भांड्यांना पोचे येतील. आई दाराला पाठ लावून खाली बसली होती. तिनं आवाज ऐकला, डोळे मिटले आणि म्हणाली, 'आपटू दे. घरात आहे ना, आपटू दे.'